दोन दिवसांची बाई

"यांना कार्ड नको. या दोनच दिवसांच्या आहेत."

पुण्याहून आलेले साहेब माझ्यासमोरच, माझ्याकडे न बघता बोलले. धडगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या ओट्यावर आम्ही उभे होतो. कंपनीची चार माणसं, गळ्यात नावाची कार्डं. पाचवी मी. त्यांच्यातल्या एका मुलीला वाईट वाटलं असावं. तिने पिशवी चाचपून एक उरलेलं कार्ड माझ्या गळ्यात घातलं. त्यावर छापलं होतं, 'पाहुणा'.

माझ्या आईचं माहेर ते. ओट्यासमोर बसलेल्या निम्म्या बायका माझ्या मावश्या, माम्या. आणि पाहुणी मी.

मी हसले. थँक्यू म्हणाले. हे अजून टोचतं.

पावरी माझी घरची बोली. मराठी आश्रमशाळेत मार खात शिकले. बी.ए. झाले, शहाद्यात खोली घेऊन राहते. दोन्ही भाषा येतात म्हणून अशी कामं मिळतात. एक दिवस आरोग्य शिबिरात दुभाषी. तीन दिवस घरं मोजायला. अर्धा दिवस कुठल्याशा मोबाइल ॲपसाठी ताप, पाणी, डोंगर असे शब्द माइकसमोर बोलायला. काम संपलं की ओळख संपली. मला वाटायचं, बरंय. आपण कोणाला बांधील नाही.

त्या दिवशी काम होतं कागद वाचून सांगायचं. लोकांना वनहक्कात मिळालेल्या जमिनीच्या पट्ट्यांवर कंपनी झाडं लावणार, जगवणार, फळं लोकांना मिळणार. पाच पानं. मी मराठीतलं वाक्य वाचायचे, पावरीत सांगायचे. चौथ्या पानावर आलं, तीस वर्षं त्या जागेत गुरं-शेळ्या चारता येणार नाहीत. मी थांबले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "तेवढं सोडा. फार खोलात गेलं की लोक बिथरतात. पुढच्या गावांनाही तुम्हालाच बोलवायचंय."

मी ते वाक्य सोडलं.

कोणी धमकावलं नव्हतं मला. हात धरला नव्हता. मला पुढची गावं हवी होती, बस.

सगळ्यात आधी माझी मावशी उठली. आईची धाकटी बहीण. "हिने वाचलंय ना," असं बाकीच्या बायकांना म्हणाली आणि तिने शाईत अंगठा बुडवला. मग रांग लागली.

परत येताना गाडीत ड्रायव्हर हळूच म्हणाला, "ताई, ह्या साहेब लोके एकदाव येतस, परत येतस नही. लोके तुम्हले इचारतीन."

पुढच्या गावांना मला बोलावलंच नाही.

पावसाळा सरला तशी मावशी शहाद्याला आली. दारातच बसली. आत येईना. पट्ट्याला तारेचं कुंपण झालं होतं. राखणदाराने तिच्या शेळ्या हाकलल्या होत्या. चारायला दुसरी जागा नाही, म्हणून तिने त्या विकून टाकल्या होत्या.

"त्याने कागद दाखवला," मावशी म्हणाली. "म्हणाला, यात लिहिलंय, खाली तुझा अंगठा आहे. पोरी, तू वाचलंस तेव्हा हे होतं का त्यात?"

मी म्हणाले, "मावशी, माझं काम दोनच दिवसांचं होतं."

माझ्या तोंडून हे निघालं. माझ्या.

तिने शिवी दिली नाही. पाणीही न पिता उठून गेली.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "आमच्याकडे तुमचं नाव कुठेच नाही." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. काम थोडं म्हणून ते दोन दिवस नव्हते. तिसऱ्या दिवशी कोणी जाब विचारायला गेलं तर समोर माणूसच सापडू नये, म्हणून होते. तोंड माझं वापरलं. भरवसा माझ्या आईच्या माहेरचा वापरला. आणि मी वापरू दिला.

शनिवारी सकाळी गावात गेले. मावशीने पत्र्याच्या पेटीतून कागदाची तिची प्रत काढून दिली. लोक जमले. मी पाचही पानं वाचली. चौथ्या पानावरचं ते वाक्य दोनदा वाचलं. सांगितलं, हे मी तेव्हा गाळलं.

"का गाळलं?" एका तरण्या सुनेने विचारलं.

"पुढचं काम मिळावं म्हणून."

एक म्हातारा मामा बाजूला थुंकला आणि निघून गेला. बरोबर केलं त्याने.

मग अर्ज लिहिला. हे वाक्य आम्हाला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. खाली सगळ्यांचे अंगठे. वाक्य गाळणारी म्हणून माझी सही. तहसीलमध्ये दिला, शिक्का घेतला. कुंपण अजून तसंच आहे. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलते. माफ केलं असं ती म्हणालेली नाही, मीही मागितलेलं नाही.

परवा फोन आला. दुसरी कंपनी, काठी गावाकडे एका दिवसाचं काम. मी म्हणाले, "करते. पण कागद आठ दिवस आधी पाठवा. सगळा वाचीन, एक ओळ सोडणार नाही. महिन्याने मी त्या गावात परत जाणार, लोक काय विचारतात ते ऐकायला. ते तुम्हाला कळवणार."

"एका दिवसाच्या कामाला एवढं?"

"हो."

फोन कट झाला.

एका दिवसाचं काम मी अजूनही घेईन. पोट त्याच्यावरच चालतं. पण ज्या गावात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही, ते काम घेणार नाही. मग चूल पेटो न पेटो. पुढचा फोन आला तरी हेच सांगणार. शब्दही बदलणार नाही.