डाव्या बर्नरचं बटण

माझे सासरे सिनेमासाठी खोट्या वस्तू बनवायचे. खोटी पिस्तुलं, खोटे टेलिफोन, खोटी अवजारं आणि त्या काळी लोकांना वेड लावणाऱ्या अंतराळाच्या सिनेमांसाठी खोटी यानं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळून चुकली. या घरात कुठलीच वस्तू पूर्ण नव्हती. चहाच्या गाळणीला दांडा होता, जाळी नव्हती. सायकल होती, पण घंटीची वाटी गायब. बाथरूममध्ये शॉवरचा नुसता पाइप भिंतीतून बाहेर आलेला आणि त्यातून पाण्याची एकच जाड धार डोक्यावर पडायची. मी नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "शॉवर मायक्रोफोन झालाय. बाबांच्या सिनेमात."

तो हसला, मी हसले नाही. तोंडात साबण गेला होता.

सासऱ्यांचं साधं गणित असायचं. स्टुडिओतले लोक सकाळी सांगायचे की संध्याकाळपर्यंत एक यंत्र हवंय, दिवे लागणारं, कुणी कधी न पाहिलेलं. मग ते जेवायच्या सुट्टीत घरी यायचे आणि जेवण सोडून कपाटं उघडायचे. टूथपेस्टच्या बुचांना लाल रंग दिला की धोक्याची बटणं. बर्फाचा ट्रे उलटा लावला, मागून बल्ब सोडला की दिव्यांची फळी. केस कुरळे करायचे रोलर चांदीच्या रंगात बुडवले की इंधनाच्या नळ्या. सासूबाई शिवायला बसल्या की मशीनमधल्या बॉबिन सापडायच्या नाहीत. शेजारच्या बायका सासऱ्यांना 'डबाबाटली' म्हणायच्या, तोंडावरसुद्धा, आणि ते आले की आपापल्या ताटल्यांवर हात ठेवायच्या.

सासूबाईंनी हे सगळं चालवून घेतलं. एक गोष्ट मात्र त्यांनी मनावर घेतली होती. गॅसच्या शेगडीच्या डाव्या बर्नरचं बटण. डावा म्हणजे मोठा बर्नर, रोजचा स्वयंपाक त्यावरच. काळं, जाड, काठाला टवका उडालेलं बटण. एका सिनेमातल्या यानाच्या पॅनलवर मधोमध एक मोठं बटण हवं होतं, नायक ते फिरवतो आणि यान उडतं. सासऱ्यांनी ते शेगडीवरून उपसलं, खिशात टाकलं आणि दारातून ओरडले, "उद्या आणतो गं!"

तो उद्या काही उजाडला नाही. सिनेमा धो धो चालला, मग त्याच पॅनलवर आणखी सिनेमे निघाले. शेवटी स्टुडिओनं ते गोदामात टाकलं आणि गोदामाला कुलूप घातलं. सासऱ्यांनी दुसरी बटणं आणून पाहिली. काही सैल व्हायची, काही चिरायची. शेगडी बनवणारी कंपनीच बंद पडली होती. नवी शेगडी घेऊ म्हटलं तर सासूबाई ऐकायच्या नाहीत. "शेगडी धडधाकट आहे. बटण तुम्ही नेलंय, तुम्हीच आणा." आणि बर्नरच्या उघड्या दांडीला पक्कड लावून त्या गॅस पेटवायच्या. पक्कड ओट्यावर चमच्यांच्या शेजारीच असायची. मी आले तेव्हा हे रोजचंच होतं. सासरे जेवायला बसले की त्या भाजी वाढता वाढता म्हणायच्या, "बटण आणलंत?" सासरे म्हणायचे, "उद्या." मग दोघंही जेवायला लागायची.

सासूबाई गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. आजारपण मोठं नव्हतं. सकाळी दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आलो. सासरे तेव्हा रडले नाहीत, नंतरही नाहीत. लोक भेटायला आले, त्यांना पाणी विचारलं, पंखा लावून दिला. लोक गेले, पंखा बंद केला. मग हळूहळू तेही थांबलं. ताट पुढे ठेवलं की जेवायचे, नाही ठेवलं तर विचारायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. शेवटच्या घासापर्यंत जेवले आणि बोटं धुवून उठले. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. नवरा म्हणायचा, बाबा सावरतील. मला वाटायचं, सावरायला आधी कोसळावं तरी लागतं.

आणि अशात संग्रहालयातून फोन आला. जुन्या सिनेमांच्या वस्तूंचं संग्रहालय. स्टुडिओचं गोदाम उघडलं होतं आणि अंतराळयानाचं पॅनल त्यांच्याकडे आलं होतं. कुठला भाग कशाचा आहे हे ओळखून सांगायला त्यांना बनवणाराच हवा होता. म्हणजे मोडलेल्या जागी तसेच भाग शोधून बसवता येतील आणि प्रेक्षकांना पाटीवर वाचता येईल. मी नाही म्हणून सांगणारच होते. सासरे खिडकीशी बसले होते, तिथूनच म्हणाले, "मधलं बटण आहे का, विचार."

मी विचारलं. आहे, म्हणाले.

सासरे उठले आणि दाढी करायला गेले. परत आले तेव्हा हनुवटीवर कापलं होतं आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. मी कापूस लावला. "घेऊन येतो ते," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, संग्रहालयातलं कुणी असं उचलून देत नाही. ते आता त्यांचं आहे." ते चपला घालत होते. "शेगडी आपली आहे," म्हणाले.

संग्रहालयाची दुरुस्तीची खोली म्हणजे एक लांबलचक टेबल आणि त्यावर पांढरे दिवे. तिथल्या मॅडम साध्या होत्या, हातात कापडाचे मोजे, बोलणं सावकाश. पॅनल टेबलावर आडवं ठेवलं होतं. सिनेमात ते भिंतीएवढं दिसायचं. प्रत्यक्षात आमच्या जेवणाच्या टेबलाहून जरा मोठं. रंग उडालेला, एका कोपऱ्यात उंदरांनी वायर खाल्लेली.

सासऱ्यांनी ते आधी उलटं करायला सांगितलं. ही त्यांची पद्धत. पुढून सगळं रंगवलेलं असतं, पुढून काही ओळखू येत नाही. वस्तू मागून बघायची, आटे कसे आहेत, कड कशी वळवलीय, वजन किती. मग एकेक बोट ठेवत ते सांगत गेले आणि मॅडम लिहून घेत गेल्या.

"ही चहाची गाळणी. ही दुसरी पण गाळणीच, पण मोठी, दुधाची. हा बेसिनमधला जाळीचा गोल. ह्या पडद्याच्या कड्या. हे इस्त्रीचं फिरवायचं चाक, आकडे खरवडलेत. हा मिक्सरच्या पात्याचा तुकडा, धार घासलीय, कुणाला लागू नये म्हणून."

"हे तर कुठल्यातरी खऱ्या मशीनचं वाटतं," मॅडम एका झाकणावर बोट ठेवून म्हणाल्या.

"टाल्कम पावडरच्या डब्याचं झाकण. भोकं आहेत बघा. अजून वास येईल."

मॅडमनी वाकून वास घेतला आणि हसल्या. मीही हसले, कारण ती पावडर मला माहीत होती. सासूबाई उन्हाळ्यात तीच लावायच्या. सासरे हसले नाहीत. त्यांचा आवाज बस कुठे कुठे थांबते हे सांगणाऱ्या कंडक्टरसारखा एका पट्टीत चालला होता. आमच्या घराचं अख्खं स्वयंपाकघर त्या फळीवर होतं, बाथरूम होतं, शिवणाचं मशीन होतं आणि हा माणूस त्याची नावं सांगत होता. मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

शेवटी ते मधल्या बटणापाशी आले. बोट ठेवलं आणि उचललं.

"हे नाही," म्हणाले.

"म्हणजे?"

"हे माझं नाही. नंतर कुणीतरी बसवलंय. मूळचं हरवलं असणार."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसानं आयुष्यभर खोट्या वस्तू बनवल्या, पण वस्तूबद्दल खोटं कधी बोलला नव्हता. दुसऱ्यानं बनवलेलं पिस्तूल कुणी त्यांच्या नावावर खपवलं तर भर लग्नात उठून सांगायचे की ते माझं नाही. पाटीवर आपलं नाव लागणार, खाली एकेक भाग लिहिला जाणार आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बटणापुढे आता 'नंतरचे' असं लागणार.

मॅडमच्या समोर कॉम्प्युटरवर चित्रीकरणाच्या वेळचा फोटो होता, खूप मोठा केलेला. नायकाचा हात, हाताखाली बटण, बटणाच्या काठाला टवका. टेबलावरच्या बटणालाही तिथेच टवका. मॅडमनी फोटो पाहिला, मग बटण पाहिलं.

"टवका तर तसाच दिसतोय," त्या म्हणाल्या.

"शेगड्यांच्या बटणांना टवके उडतातच," सासरे म्हणाले.

शेगडीचं बटण आहे हे अजून कुणी म्हटलंच नव्हतं. ते मॅडमच्या लक्षात आलं, माझ्या आलं, सासऱ्यांच्या आलं नाही. मोजा घातलेल्या हातानं त्यांनी बटण उपसलं, क्षणभर तळहातावर तोललं.

"मूळचं नसेल तर आमच्या काही कामाचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवंय का?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासऱ्यांचा हात पुढे आला होता.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले, मूठ मिटलेली. मी म्हटलं, "बाबा, चक्क चोरी केलीत." ते म्हणाले, "चोरी तेव्हा केली होती." मला मात्र आतून बरं वाटत होतं. वाटलं, हे बटण बसेल आणि याच्याबरोबर यांचंही काहीतरी ठिकाणावर येईल. घरी गेल्यावर ओरडतील, रडतील, निदान चहात साखर कमी आहे म्हणून कटकट करतील. मला माझे कटकटे सासरे परत हवे होते.

घरी आल्यावर त्यांनी कपडे बदलले नाहीत. बटण साबणानं धुतलं, खाचांत बसलेला चंदेरी रंग जुन्या टूथब्रशनं काढला, फडक्यानं कोरडं केलं. मग डाव्या बर्नरच्या दांडीवर धरलं आणि अंगठ्यानं दाबलं. बसलं. शेगडी एकदम वेगळीच दिसायला लागली, तोंडात नवा दात बसवल्यासारखी. मी लायटर हातात धरून उभी होते.

त्यांनी बटण फिरवलं. बटण फिरलं, गॅस आला नाही.

पुन्हा फिरवलं. ते गरगर फिरत होतं आणि आतली दांडी जागची हलत नव्हती. त्यांनी बटण काढलं, चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. या दांडीची एक बाजू सपाट असते, तिच्यावरच बटण पकड घेतं. ती सपाट बाजू राहिलीच नव्हती. इतकी वर्षं पक्कड लावून लावून दांडी पार गोल झाली होती आणि तिच्यावर सगळीकडे पकडीच्या दातांच्या बारीक खुणा होत्या, एकीवर एक. सासऱ्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"पत्र्याची पट्टी घडी करून घालू या ना आत," मी म्हटलं. "तुम्हीच नाही का करत असं?"

"सिनेमात चालतं," ते म्हणाले. "इथे गॅस आहे."

ते अजून दांडीवर वाकलेलेच होते. मी पाठीवर हात ठेवणार होते, तेवढ्यात ते सरळ झाले आणि विचारलं, "ती शेवटचं कधी म्हणाली गं, बटण आणा म्हणून?"

मी आठवायला लागले. माझ्या लग्नानंतर तर रोजचंच होतं. माझी मुलगी बोलायला लागली तेव्हा तीही आजीची नक्कल करायची, कमरेवर हात ठेवून, "बटण आणलंत?" आणि सगळे हसायचे. त्यानंतर? मुलगी शाळेत जायला लागल्यावर? शेवटच्या वर्षात तर नक्की नाही. त्याच्या आधीच्या वर्षातही नाही. मी नवऱ्याला हाक मारून विचारलं. तोही दारात उभा राहून आठवत राहिला आणि मान हलवून निघून गेला.

"नाही आठवत, बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले. बटण त्यांनी ओट्यावर ठेवलं, सरळ नाही, उलटं, मागची बाजू वर. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, सासूबाई भाजी निवडायला बसायच्या त्यावर.

"म्हणजे तिनं मागायचं सोडून दिलं," ते म्हणाले, "तेव्हा मी इथेच जेवत बसलो होतो."