धाब्यावरची माती

उत्तमचंदभाऊंचं धुळ्यात भांड्यांचं जुनं दुकान, पण त्यांचा जीव दुकानात कमी आणि ते राहायचे त्या चौकट गल्लीत जास्त. तिथल्या घराघराला कोरीव सागवानी दारचौकट, वर छत म्हणून मातीचं सपाट धाबं. जुन्या वस्तूंचे व्यापारी या चौकटी उखडून न्यायला लागले, त्यांच्यामागून टेप घेऊन बिल्डर यायला लागले, तेव्हा भाऊंचं डोकं फिरलं. अर्ज, चकरा, भांडणं, सगळं करून त्यांनी आख्खी गल्ली वारसा क्षेत्र म्हणून जाहीर करवून घेतली आणि देखरेख समितीचे अध्यक्षही झाले. एवढा हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. मला ते आवडायचे, म्हणून सांगतो.

नियमही त्यांनीच लिहिला होता. समितीच्या परवानगीशिवाय जुनं काही काढायचं नाही.

उन्हाळा सरताना शेजारचा हबीब आला. तो भाऊंच्या दुकानातल्या भांड्यांना कल्हई करायचा. दोघं लहानपणी एकाच ओट्यावर गोट्या खेळलेले. दोन्ही घरांत भिंत एकच, आणि त्या भिंतीवरून इकडून तिकडे गेलेली तुळईही एकच.

"भाऊ, तुळई वाकी ऱ्हायनी शे," हबीब म्हणाला. "औंदा बठ्ठी माती उतारनी पडी."

पावसाळ्याआधी धाब्यावर पाणी झिरपू न देणारी नवी खारी माती पसरायची, आणि काही वर्षांनी जुनी सगळी खरवडून खाली उतरवायची, नाहीतर ओझं वाढून तुळई वाकत जाते. भाऊंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचे वडील स्वतः उभं राहून माती उतरवून घ्यायचे. पण गल्लीच्या लढाईत कित्येक वर्षं ते राहूनच गेलं होतं, आणि आता त्यांचाच नियम त्यांना आडवा आला. माती जुनी, म्हणजे ती काढता येणार नाही.

"तज्ज्ञ पाहणीला आले की बैठकीत ठेवतो," भाऊ म्हणाले. "मीच नियम मोडला तर उद्या सगळे चौकटी विकतील. तोवर वरून नवी पसर."

दोन्ही धाब्यांवर नवी माती चढली, पाणी मारून ती चोपून बसवली गेली.

त्यानंतर भाऊंच्या ताटात बारीक माती पडू लागली. ते बोटाने ती बाजूला सारायचे आणि जेवायचे. भिंतीतून मुंग्या अंडी घेऊन निघाल्या. हबीबची बायको अकबरी दाराला खांदा लावल्याशिवाय बाहेर पडू शकेना. भाऊंची सून जिनल म्हणाली, मागच्या खोलीत दुपारी पडलं की भिंत करकरते. भाऊंनी वर बघायचंच सोडून दिलं. भीती वाटत होती त्यांना, सरळ सांगायचं तर.

पाहणीच्या दिवशी दुपारी तज्ज्ञांची वाट बघत भाऊ ओट्यावर उभे असताना हबीबची हाक आली. तुळई खाली बसली होती, चौकट तिरपी होऊन दार घट्ट आवळलं गेलं होतं आणि अकबरी आत होती. हबीबने कुऱ्हाड उचलली.

"चौकटीला हात लावू नको," भाऊंच्या तोंडून निघून गेलं.

हबीबची कुऱ्हाड हवेतच थांबली.

"भाऊ, वरून माती पडतेय," आतून अकबरीचा आवाज आला.

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हबीबच्या हातातली कुऱ्हाड ओढून घेतली आणि कोरलेल्या वेलीवर पहिला घाव स्वतः घातला. चौकट फुटली. दोघांनी अकबरीला ओढून बाहेर काढलं. केसांपासून पायांपर्यंत ती मातीने माखली होती, पण धड होती. भाऊ तिथेच मटकन खाली बसले, रडू आवरेना त्यांना.

इतके दिवस तुळईचं टोक त्या चौकटीनेच तोलून धरलेलं होतं. आता ते सुटलं. एक लांब करकर तुळईतून सरकत भिंत ओलांडून भाऊंच्या घरात गेली.

मग मागच्या खोलीतून जिनलचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा.

"पप्पाजी, दार उघडत नाहीये."