मी डाव्या बाजूलाच होतो

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "मास्तर, फ्रॅक्चर फीमर. मांडीचं हाड मोडलंय आणि तुकडे एकमेकांवर चढलेत."

आदल्या दुपारी शाळा सुटल्यावर मी शहाडहून आंबिवलीला सायकलने घरी निघालो होतो. वळणावर मोटारसायकल आली ती थेट माझ्या अंगावर. चालवणारा स्विस इंजिनिअर होता, शहाडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. कारखान्याच्याच लॉरीतून मला ठाण्याच्या इस्पितळात आणलं.

ट्रॅक्शन लावलं. म्हणजे पायाला दोरी बांधून पलंगाच्या पायथ्याशी कप्पीवरून वजन सोडायचं. त्या ओढीने हाड सरळ येतं. "सहा आठवडे उताणं," डॉक्टर म्हणाले. "कुशीवर वळायचं नाही."

कुशीवर न वळणं म्हणजे काय, ते निजल्याशिवाय कळत नाही. पाठ जळजळायची, टाचेला मुंग्या यायच्या. कुणी पलंगाला नुसता हात लावला तरी कप्पी कुरकुरे आणि कळ मांडीतून वर जाई. दोरी तोडून उठावंसं वाटे. आई उशाशी बसून पाठीखाली हात सरकवायची आणि तळव्याने वारा घालायची.

आठवड्याने कल्याणच्या कोर्टाचं समन्स आलं. आरोपी मी! चुकीच्या बाजूने सायकल चालवल्याचा आरोप.

मग अंधुक आठवलं. अपघातानंतर इस्पितळात मला मॉर्फिन, म्हणजे वेदना बधिर करणारं औषध टोचलं होतं. त्या गुंगीत नाक्यावरचा हवालदार आला होता. "मास्तर, जबाब घेतलाय. इथं सही करा." मी केली होती. हाच हवालदार आमच्या गावची माणसं सायकलवर डबलसीट दिसली की उतरवायचा, चाकांची हवा सोडायचा. कारखान्याच्या साहेबांच्या मोटारसायकली मात्र त्याच्या समोरून भरधाव जायच्या, आणि तो सलाम ठोकायचा.

त्या दिवसापासून झोप उडाली. गुन्हा शाबीत झाला तर स्कूल बोर्डाची नोकरी जाणार. मी वाक्य घोकत बसे, मी डाव्या बाजूलाच होतो, मी डाव्या बाजूलाच होतो. मग घोकून घोकून त्याचाच संशय यायचा. होतो ना?

तिसऱ्या आठवड्यात आई धावत आली. "बाला, त्यो गोरा साहेब आयलाय. बसवू का हाकलू?"

"बसव," मी म्हणालो, पण तोंड भिंतीकडे फिरवलं.

अपघातात दुखावलेला साहेबाचा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता. सोबत दुभाष्या म्हणून कारखान्याचा कारकून. साहेब बराच वेळ बोलला. कारकून म्हणाला, "साहेबांना फार वाईट वाटतं."

एवढंच? शाळेत मी इंग्रजी शिकवत नसलो तरी 'राइट साइड' दोनदा ऐकलं होतं. विचारलं, तेव्हा कारकुनाने खाली बघत सांगितलं, "त्यांच्या देशात गाड्या उजवीकडून चालतात. वळणावर जुन्या सवयीने ते उजवीकडे गेले. तिथंच हवालदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, साहेब, तुम्ही जा, आम्ही बघतो."

"मग हे लिहून द्या म्हणावं."

कारकुनाने ते साहेबाला सांगितलंच नाही. नोकरी त्यालाही होती. शेवटी मीच साहेबाकडे मान वळवून मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, "यू राइट साइड. पोलीस से, आय राँग साइड. आय गो कोर्ट."

समन्स त्याच्यापुढे धरलं. कारकुनाला ते वाचून दाखवावंच लागलं. साहेबाचा चेहरा तांबडा झाला. डॉक्टरांकडून कागद मागून त्याने तिथंच सगळं लिहिलं. डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून सही केली. खाली स्वतःहून आणखी एक ओळ लिहिली, की जबाबाच्या वेळी रुग्ण मॉर्फिनखाली होता.

पुढे प्लास्टर, मग कुबड्या. पाय अर्धा इंच आखूड राहिला.

तारखेला मी कुबड्यांवर कोर्टात उभा राहिलो. साहेब साक्षीला आला. शिपायाने लगबगीने त्याच्यासाठी खुर्ची आणली. साहेबाने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो उभाच राहिला. मॅजिस्ट्रेटनी बसायला सांगितलं, तरी उभाच. कोर्टात चुळबुळ झाली. मग मॅजिस्ट्रेट शिपायाला म्हणाले, "आणखी एक आण."

मी सुटलो. साहेबावर खटला कधीच झाला नाही. कुणी भरलाच नाही. हवालदारही नाक्यावर तसाच उभा असतो. हे मी विसरत नाही, आणि सारं गोड झालं असंही सांगणार नाही.

पण तुमच्यापैकी कुणी असा उताणा पडला असेल, तर त्याने एवढं ऐकावं. गुंगीत कुठल्याही कागदावर सही करू नका. डॉक्टरांना सगळं सांगा, फक्त दुखणंच नाही. आमच्या डॉक्टरांनी पाय जोडलाच, पण ती ओळ लिहिणं त्यांचं काम नव्हतं, ती त्यांनी लिहिली.

आणि खुर्चीचं म्हणाल, तर मी बसलो तेव्हाच साहेब बसला.