पिठीची गाठ

आम्ही बदलीवर कलकत्त्याला आलो आणि बेहालात घर घेतलं, तेव्हा खालच्या मजल्यावर मराठी पाटी पाहून मला हायसं वाटलं होतं. विजय टिपणीस आणि त्यांची बायको शकुन. दोघांचाही जन्म कलकत्त्याचा. शकुन मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. तिचं मराठी स्वच्छ होतं, पण भाजीवाल्याशी बोलायला लागली की ती बंगालीच वाटे.

घरात तिसरे होते श्यामराव, तिचे सासरे. रेल्वेच्या कचेरीत पूल आणि फलाटांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ते बसलेले असत. कुणी आलं तरी मान वळवत नसत.

शकुनचा भाऊ दिगंबर औषधांच्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. तिथे जास्तीचे पांढरे उंदीर मारून टाकायची वेळ आली, तेव्हा त्यातल्या दोन माद्या तो बिस्किटांच्या डब्यात घालून बहिणीकडे घेऊन आला. शकुनला उंदरांची किळस होती. परत घेऊन जा, असं ती त्याला सांगत होती, तेवढ्यात त्यांतली एक डब्यातून निसटली आणि श्यामरावांच्या मांडीवर चढून त्यांच्या निर्जीव उजव्या हाताच्या तळव्यात जाऊन बसली. श्यामराव हसले. आजारपणानंतर प्रथमच. शकुनने डबा ठेवून घेतला.

एकीचं नाव पडलं पिठी, दुसरीचं कणी. विजयने लाकडी खोकं आणि जाळी जोडून घर केलं. श्यामराव डाव्या हाताने त्यांना मुरमुरे भरवायला लागले, सकाळी स्वतःहून खुर्चीकडे जायचं म्हणून खूण करायला लागले. त्यांना फिरायला घेऊन जाणारा माणूस म्हणायचा, बाबू आता पाय कमी ओढतात.

पावसाळ्यानंतर पिठीच्या मानेवर खपल्या आल्या. आधी त्या दिसल्याच नाहीत. तिच्या अंगावरून बोट फिरवताना केसांखाली रव्यासारखं काहीतरी लागलं, ते श्यामरावांना. त्यांनी शकुनचा हात धरून तिथे नेला. शकुनने कडुनिंब घातलेलं खोबरेल लावलं. पिठीने ते चाटून टाकलं आणि तिचं पोट बिघडलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, खरूज आहे, घरभर होईल, फेकून द्या.

शकुनने फेकलं नाही. ती निरखत बसली. शाळेतून आली की चहाचा कप घेऊन खोक्यापुढे. पिठी मागच्या पायाने मान खाजवते आणि नखांनीच कातडं फाटतं, हे तिने पाहिलं. दिगंबरला विचारलं, तर प्रयोगशाळेतली माणसं म्हणाली, बारीक किडे असतील. एकीला झाले तरी औषध दोघींना करायचं आणि काही दिवसांनी पुन्हा करायचं, कारण अंडी मागे राहतात. कुठलं औषध आणि किती पातळ, तेही त्यांनीच सांगितलं आणि शकुनने तसंच केलं. खोक्यात सुताराकडचा भुसा होता. त्याच्या उग्र वासाने दोघी शिंकायच्या. तो काढून शकुनने जुन्या मऊ साड्यांच्या पट्ट्या घातल्या. खोकं उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवलं. खाज वाढते म्हणून शेंगदाणे बंद केले. चढायला विटेचा खरबरीत तुकडा ठेवला, त्यावर नखं आपोआप बोथट झाली. आणि एक नियम घातला: खपली कुणी ओढायची नाही, ती आपली आपण गळू द्यायची.

खपल्या गळल्या. खाली गुलाबी कातडं आलं आणि मग त्यावर पांढरी लव. मधे कणीच्या जबड्याखाली गरम, दुखरं गळू झालं होतं. तेही कोमट मिठाच्या पाण्याने शेकून शेकून तिने फोडलं, धुतलं, बरं केलं. किळस कधी गेली ते तिचं तिलाही सांगता आलं नाही.

म्हणूनच पुढच्या वर्षी पिठीच्या काखेत गाठ लागली, तेव्हा ही गोष्ट वेगळी आहे हे तिने लगेच ओळखलं. ही गरम नव्हती. दाबली तरी पिठी ओरडत नव्हती. बोटाखाली इकडेतिकडे सरकत होती. शेकून काही होईना. श्यामरावांनी नकाशांच्या पेटीतलं जुनं कर्कटक मागून घेतलं आणि दर रविवारी डाव्या हाताने ते गाठीवर धरून टोकांमधलं अंतर शकुनला दाखवायला लागले. अंतर वाढत होतं. हिवाळा आला तोवर गाठ आवळ्याएवढी झाली आणि पिठी पुढचा पाय बाहेर टाकून फरफटत चालायला लागली.

जवळच्या गुरांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की, उंदरावर कुणी शस्त्रक्रिया करत नाही. विजय वाईट माणूस नव्हता, पण व्यवहारी होता. तो म्हणाला, एक दिवस हिला नेऊन संपवू आणि बाबांना सांगू बरी होऊन आली म्हणून; दिगंबर दुसरी तश्शीच आणून देईल, त्यांना काय कळणार आहे.

मी तेव्हा तिथेच होते. शकुन भाजी चिरत होती. सुरी खाली न ठेवता ती म्हणाली, "मामंजींची वाचा गेलीय, समज नाही गेली. रोज जिच्या अंगावरून हात फिरवतात, ती कोणती हे त्यांना कळणार नाही?"

 दुसऱ्या दिवशी कचेरीत चौकशी करून विजयनेच एका डॉक्टरांचं नाव आणलं. बराकपूरला डॉक्टर भादुडी म्हणून लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी घोडे आणि खेचरं तपासली होती.

शकुनने शाळेतून रजा घेतली. पिठीला झाकणाच्या टोपलीत घालून ट्रामने, मग बसने सियालदाला आणि तिथून लोकलने बराकपूरला. टोपलीत काय आहे म्हणून गाडीतल्या बायकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, घरचं माणूस आजारी आहे. त्यावर बायकांनी सरकून जागा दिली.

भादुडी उंचेपुरे होते, हाताचे पंजे फावड्यासारखे. पिठी त्यांच्या मुठीत दिसेनाशी झाली. गाठ चाचपून ते म्हणाले, निघेल, चिकटलेली नाही. भीती दोन गोष्टींची. एक म्हणजे गुंगीचं औषध. एवढ्याशा जिवाला थोडं जास्त झालं की संपलं. आणि दुसरी, त्यातून उठलीच तर ती दातांनी टाके तोडणार.

शकुनने पिशवीतून आपला शिवणाचा डबा काढला. त्यात तिची सर्वांत बारीक सुई आणि रेशमाची लड होती. तिने पदराची कडा उलटून दाखवली. "हा टाका आतून जातो. बाहेर धागा दिसत नाही. दिसलाच नाही, तर ती तोडेल कशी?"

म्हातारा पदराकडे बघत राहिला. मग हसला. म्हणाला, मा, शर्यतीच्या घोड्याच्या तोंडाला आम्ही असाच टाका घालायचो, व्रण दिसू नये म्हणून. उंदराला घालायचं मनात आलं नव्हतं. सुई उकळायला ठेव.

ईथरचा बोळा शकुनने धरला. भादुडी सांगतील तेव्हा जवळ, सांगतील तेव्हा दूर. मधेच वीज गेली, तशी त्यांनी टेबल खिडकीशी ओढून घेतलं आणि दिवसाच्या उजेडात काम पुरं केलं. गाठ निघाली ती गुळगुळीत, पिवळसर, पिठीच्या डोक्याहून मोठी. नंतर दोघं गरम पाण्याच्या बाटलीशी ठेवलेल्या त्या एवढ्याशा जिवाकडे बघत बसली. अखेर तिच्या मिशा हलल्या. भादुडींनी स्वतः उठून चहा केला. मुलींना शिवण शिकवतेस ना, एवढंच विचारलं, आणि सुई ठेवून घेऊ का म्हणाले.

संध्याकाळी शकुन परतली तेव्हा श्यामराव दारात उभे होते. भिंतीला धरून, एकटे. विजय मागे काळजीने हात पसरून. टोपली उघडल्यावर त्यांनी पिठीला पाहिलं, मग शकुनकडे पाहिलं आणि डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, ते कुणालाच कळलं नाही. शकुन म्हणाली, "हो मामंजी."

पिठी त्यानंतर वर्षभर जगली. शेवटी शेवटी तिला दुसऱ्या बाजूला पुन्हा गाठ आली. सगळ्यांना वाटलं, शकुन पुन्हा बराकपूर गाठणार. तिने नेलं नाही. पिठी म्हातारी झाली होती, श्वास घेताना घरघरायची; ईथर तिला सोसणार नव्हतं. शकुनने वीट काढून घेतली, खालचं अंथरूण जाड केलं, अन्न मऊ करून ताटली तोंडाशी ठेवली. उपाय करण्याइतकंच हे न करणंही तिला अवघड गेलं असणार. एका दुपारी श्यामरावांच्या तळहातावर पिठी गेली. त्यांनी बराच वेळ तिला खाली ठेवू दिलं नाही. कणी राहिली होती, ती नंतर त्यांच्याच खिशात झोपायची. श्यामराव पुढे चांगली काही वर्षं जगले.

आमची बदली नागपूरला झाली तोवर टिपणिसांच्या दारात अनोळखी माणसं दिसायला लागली होती. हातीबागानच्या बाजारातून लोक हौसेने पांढरे उंदीर नेत आणि खपल्या आल्या की घाबरत. काहींना भादुडींनीच धाडलेलं असे. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला खाली गेले, तर एक श्रीमंत घरची बंगाली बाई बुटांचं खोकं मांडीवर घेऊन रडवेली बसली होती. आपल्या उंदराला गाठ आहे, पण हात लावायची भीती वाटते, असं ती सांगत होती. शकुनने शाळेची पिशवी खुंटीला अडकवली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि खोक्याचं झाकण काढत म्हणाली, "गार हाताने धरलं की उंदीर दचकतात. आधी दोन्ही हात चोळून ऊन करा. मग मी दाखवते, गाठ सरकते का ते कसं बघायचं."