बेलापूरला उघडलेली बोर्डोची बाटली

वाईन प्यायला लोक नाशिकला जातात. आम्ही बेलापूरला गेलो. श्रीरामपूरजवळचं, प्रवरेकाठचं बेलापूर. नवी मुंबईतलं नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण ऑफिसात रजा मागितली तेव्हा "लोकलने जाणार का?" असं मला विचारलं गेलं होतं.

बाटली आमच्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अलकाताईचे यजमान. सुप्याच्या एमआयडीसीत बिस्किटांना आणि आइस्क्रीमला लागणारे इसेन्स बनवणाऱ्या एका कंपनीत ते वास घेण्याचंच काम करायचे. व्हॅनिला कमी पडलाय की वेलदोडा जास्त झालाय, हे त्यांचं नाक सांगणार आणि मग माल बाहेर पडणार. त्या कंपनीत पास्कल नावाचा एक फ्रेंच तंत्रज्ञ दरवर्षी यायचा आणि ताईच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय परत जायचा नाही. त्यानेच एकदा ही बाटली आणून दिली. बोर्डो भागातली लाल वाईन, बरोब्बर ताई-दाजींच्या लग्नाच्या सालची. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली की उघडा," म्हणाला.

पंचविसावं वर्ष उजाडलं तेव्हा दाजी करोनातून नुकते उठले होते आणि त्यांच्या नाकातून वास कायमचा गेला होता. त्यांनी नोकरी सोडली, बेलापूरची घरची शेती बघायला लागले आणि बाटली माझ्याकडे पाठवून दिली. मला वाईनचा नाद आहे, घरात त्यासाठी छोटा फ्रिजही आहे. "मला आता पाणी काय आणि ही काय, सारखीच," एवढंच ते फोनवर म्हणाले होते.

मागच्या महिन्यात आमच्या पुण्यातल्या वाईनच्या वर्गातल्या बाईंना मी बाटलीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "अजून कशाची वाट बघताय? तीस वर्षांच्या घरात आलीय. आता रोज थोडी थोडी संपतेय ती, आतल्या आत."

मी दाजींना फोन केला. ते म्हणाले, "तू आणि शिरीष पिऊन टाका. कशी होती ते सांग मला."

फोन ठेवला आणि दाजी काय म्हणाले ते सांगितलं. शिरीष, माझा नवरा, समोर पोहे खात होता. तो म्हणाला, "सांगायचं कशाला? बाटलीच तिकडे नेऊ."

झालं, ठरलं.

जुनी वाईन प्रवासात न्यायची असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, थंडीतच न्या; उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलीत तर पोचेपर्यंत तिचा काढा होईल. दुसरं, बाटली हलू द्यायची नाही, कारण तळाशी गाळ बसलेला असतो. आता हा दुसरा नियम पाळून नगर जिल्ह्यातून जाऊन दाखवा! मी बाटली दुलईच्या तुकड्यात गुंडाळून लहान बाळासारखी मांडीवर घेऊन बसले. शिरूरपर्यंत ठीक होतं. सुप्याला चहा आणि मिसळ घेतली. दोघांचं मिळून दोनशेच्या आत, तर्री वेगळी मागितली तर मिळते. हॉटेलातल्या काकांनी माझ्या मांडीकडे पाहून आवाज एकदम बारीक केला. "बाळ झोपलंय व्हय?" मी मान हलवली. खरं काय ते सांगायला धीर झाला नाही.

नगर ओलांडलं आणि रस्त्याने खरं रूप दाखवलं. राहुरीपर्यंतच्या खड्ड्यांबद्दल मी लिहीत बसत नाही. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांची कंबर साक्षीला आहे. त्यात उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर डुलत पुढे चाललेले, त्यांना ओव्हरटेक करताना शिरीष श्वास धरायचा आणि मी बाटली. पण हमरस्ता सोडून श्रीरामपूरच्या बाजूला वळलो आणि सगळं निवलं. दोन्हीकडे ऊस, मधेच गव्हाचा हिरवागार तुकडा, पाथर्डीकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या पाचटाच्या खोपी आणि खोपींपुढे वाळत घातलेले रंगीत कपडे. काच खाली केली तर गार वाऱ्याबरोबर तोडलेल्या उसाचा ओला, गोडसर वास आत आला. मला एकदम दाजींची आठवण झाली. रोज या वासात राहायचं आणि तो आपल्यापर्यंत पोचायचा नाही.

ताईचं घर गावाबाहेर, मळ्यात. साधं सिमेंटचं, पुढे शेड, बाजूला पेरूची बाग. दाजी बागेत होते. ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आणलीस?"

"आणलीय. पण हलली खूप. उद्या संध्याकाळपर्यंत उभी ठेवायला लागेल, गाळ खाली बसायला."

ताईने बाटली घेतली आणि गव्हाच्या कोठीमागे गार कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाली, "मिनू, एक सांगू का? त्यांच्यासमोर उघडू नका."

"अगं, त्यांच्यासाठीच तर आणलीय."

"दिवाळीला त्यांच्या भावाने अत्तराची बाटली नाकाला लावली त्यांच्या. 'घे, जोरात घे' म्हणाला. हे ताटावरून उठले आणि चार दिवस धड बोलले नाहीत कुणाशी. तुम्ही जाल पुण्याला. इथं मी असते."

ताईचं बरोबर होतं. आपल्या चांगुलपणाच्या भरात आपण एखाद्याला त्याच्या दुखण्यासमोर नेऊन बसवतोय की काय, हा विचार दुसऱ्या दिवशीही माझ्याबरोबर फिरत राहिला. सकाळी आम्ही बेलापूरच्या पेठेतून हिंडलो, केशव-गोविंदाच्या देवळात जाऊन आलो, प्रवरेच्या घाटावर पाय सोडून बसलो. नदीला धरणातून सोडलेलं आवर्तनाचं पाणी होतं, बगळे होते, आणि हिवाळ्याचं असं ऊन होतं की उठावंसं वाटू नये. शिरीष म्हणाला, "दाजींनाच विचार ना सरळ. त्यांच्याबद्दल आपण तिघं का ठरवतोय?"

दुपारी जेवताना मी विचारलं. दाजी आमटीत मीठ टाकत होते. हल्ली ते सगळ्यातच मीठ जास्त घेतात. हात तसाच थांबला.

"म्हणजे बाटली इथं आहे?"

"कोठीमागे."

ताई माझ्याकडे बघत नव्हती. दाजी उठले, हात धुतले, कोठीमागे गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आतूनच त्यांचा आवाज आला. "उभी ठेवलीय, शाब्बास. अलका, आज आळणी मटण कर. याच्यासोबत तिखट नाही चालायचं. आणि उघडणार मी. तुम्ही कुणी बूच तोडून ठेवाल."

आळणी म्हणजे नुसत्या मीठ-हळदीत शिजवलेलं मटण, मसाला पडायच्या आधीचं. नगरकडे आलात तर झणझणीत रश्श्यावर तुटून पडण्याआधी एक वाटी आळणी पाणी जरूर मागा. जुन्या लाल वाईनबरोबर याच्याइतकं शोभणारं दुसरं काही मी आजवर खाल्लेलं नाही.

मटण घेऊन शेजारच्या मळ्यातले भाऊसाहेब मोटारसायकलवरून आले. ते दाजींचे शाळेपासूनचे मित्र. बाटलीची बातमी त्यांना कशी लागली कोण जाणे, पण ते मटण देऊन परत गेले नाहीत.

"तीस वर्षांची?" ते म्हणाले. "मग खराब न्हाई का झाली?"

"तेच बघायचंय," दाजी म्हणाले.

ऊन कलल्यावर शेडमध्ये चटई टाकून बसलो. दाजींनी हळूहळू स्क्रू फिरवला. बूच अर्ध्यात तुटलंच. ताईने तोंडाला पदर लावला. दाजींनी उरलेला तुकडा बोटाने आत ढकलला आणि म्हणाले, "नवं मलमलचं कापड आण." मग त्या कापडातून त्यांनी वाईन काचेच्या जगमध्ये ओतली. शिरीषने बाटलीच्या मानेमागे मोबाईलचा टॉर्च धरला होता; गाळाची काळी रेघ मानेपाशी दिसली तसा दाजींचा हात थांबला. थेंब इकडेतिकडे नाही.

ग्लासांत ओतल्यावर मी रंग उजेडात धरून पाहिला. कोवळ्या वाईनचा जांभळेपणा कुठेच नव्हता. मधे डाळिंबी, आणि कडेला भाजलेल्या विटेचा तांबूस तपकिरी. पण मग वास घेतला. बंद खोलीचा, कुबट. वाईन गेली होती.

भाऊसाहेबांनी गंभीरपणे हुंगलं. "आमच्या कांदाचाळीवानी येतंय."

मी दाजींकडे बघायचं टाळत होते. तेच म्हणाले, "कुबट येतोय ना? येऊ दे. इतकी वर्षं कोंडून होती, तिला जरा हवा लागू दे. तोवर जेवू."

त्यांच्या आवाजातला तो ठाम सूर मी कित्येक वर्षांनी ऐकला. आळणी आलं, बाजरीच्या भाकरी आल्या. भाकरी मोडता मोडता मी परत ग्लास उचलला आणि खरंच थांबले. कुबटपणा गेला होता. सुकलेली बोरं होती, नव्या चपलेचं चामडं होतं, झाडाखालचा दमट पाचोळा होता.

"सांग," दाजी म्हणाले. "एकेक सांग."

मी सांगत गेले. शिरीषला सुकं अंजीर वाटलं. भाऊसाहेब बराच वेळ नाक ग्लासात घालून बसले आणि म्हणाले, "पेन्सिलीला टोक केल्यावर कसं येतं, तसं हाय बगा." दाजी जोरात हसले. "लाकडाच्या पिंपाचा आहे तो. बरोबर पकडलंस." ताई पहिल्यांदाच वाईन पीत होती. तिने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कडू नाही, गोड नाही. जिभेला मऊ मखमल लावल्यासारखं झालं." दाजी म्हणाले, "ते मलाही कळतंय." आणि ते दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की आम्ही तिघांनी उगाच भाकरीत लक्ष घातलं.

मला वाटलं, एवढ्यासाठीसुद्धा येणं सार्थकी लागलं. यापुढे काही व्हावं अशी माझी अपेक्षा नव्हती.

सूर्य उसामागे गेला. जगमध्ये शेवटचं थोडंसं उरलं होतं, ते दाजींनी आपल्या ग्लासात घेतलं. सवयीने ग्लास फिरवला, सवयीने नाकाशी नेला. आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"तंबाखू."

"कुणाचा?"

"आबांच्या चंचीतला." आबा म्हणजे दाजींचे वडील. "ओल्या कापडात बांधलेला असायचा तो." त्यांनी ग्लास खाली ठेवला, परत उचलला. "नाही. गेला. भास असेल."

"भास कशाचा?" भाऊसाहेब उठूनच उभे राहिले. "आपून परीक्षाच घिऊ!"

त्यांनी गळ्यातला टॉवेल दाजींच्या डोळ्यांवर बांधला. मी घाबरून ताईकडे पाहिलं, तर तीच आतून पेले आणायला धावली होती. एका पेल्यात ताक, एकात चहा, आणि दाजींचा वाईनचा ग्लास. भाऊसाहेबांनी ताक पुढे केलं. दाजी म्हणाले, "काही नाही." चहा. "काही नाही. गरम वाफ आहे फक्त." मग वाईन. दाजी थांबले. श्वास घेतला, सोडला, परत हळू घेतला.

"हा," ते म्हणाले. "बारीक आहे. पण आहे."

"वास सोडला न्हाई गड्यानं!" भाऊसाहेब एवढ्यांदा ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. ताईने दाजींचा टॉवेल सोडला, आणि सोडल्यावर तोच डोळ्यांना लावून बसली. ग्लास दोन्ही हातांत धरून, जसा रोज चहा पितात तसा, एकेक थेंब पुरवून दाजींनी ती वाईन संपवली. मग ताईला म्हणाले, "आता रस्सा आण. तिखट."

दुसऱ्या दिवशी परतताना गाडीत पेरूची करंडी होती आणि रस्ता तितकाच वाईट होता, पण मांडी मोकळी असल्याने मला खड्ड्यांचं काही वाटलं नाही. जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, पुण्याहून उजाडताना निघा म्हणजे ट्रॅक्टरांची गर्दी कमी लागते, आणि मुक्कामाला श्रीरामपुरात साधी, स्वच्छ लॉज आहेत.

चांगली वाईन प्यायले की मी तिचं टिपण करते. या वाईनचं केलं नाही. तिच्यापेक्षा मोठ्या नावाच्या, जास्त घमघमणाऱ्या वाईन मी प्यायले आहे. पण एवढी वर्षं कोंडून राहिल्यावरही थोडी हवा आणि थोडा वेळ मिळाला तर आत काय काय शिल्लक असू शकतं, हे मला दुसऱ्या कुठल्या वाईनने असं दाखवलं नव्हतं. दाजींचं नाक परत आलं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले, येईल तर असंच तुकड्यातुकड्याने येईल, आणि कदाचित सगळं येणारही नाही.

काल सकाळी मात्र ताईचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, मला नीट कळेना. गॅसवर दूध ठेवून ती बाहेर कपडे वाळत घालत होती. दाजी पार पेरूच्या बागेतून पळत आले. "अलका, दूध करपतंय!"

"मग? वाचलं का?" मी विचारलं.

"छे गं! सगळं करपलं, पातेलं काळं ठिक्कर," ताई म्हणाली. "आणि हे ते पातेलं घेऊन गावभर दाखवत फिरतायत."