तो मुतखडा नव्हता

माझ्या थोरल्या बहिणीला मी खोटं सांगितलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर, भर उन्हात, अर्ध्या मिनिटात. त्या अर्ध्या मिनिटाचं फळ ती आजही भोगते आहे. तिनं कधी विचारलंच नाही, असं म्हणायचीही मला सोय नाही. तिनं पुष्कळदा विचारलं होतं.

आक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिला दुधनीला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती सोलापूरला आमच्याकडे आली आणि इथलीच झाली. आमच्या घरात मराठी आणि कन्नड एकात एक मिसळून चालते. मी पन्नाशीला आलो तरी तिच्यासाठी 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊच. ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. विकायची, असं लिहायला हवं. दिवसाचे सात-आठ तास चुलीपुढं बसून गुडघे धरायचे. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलातून दुखण्याची गोळी आणायची आणि चहाबरोबर घ्यायची. असं रोज, कित्येक वर्षं.

इंग्रजी कागद वाचणं हे घरात माझं काम. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. लाइट बिल असो की रक्ताचा रिपोर्ट, तो माझ्या हातात यायचा आणि मी सांगेन ते घरात खरं धरलं जायचं.

पायांवर सूज येते म्हणून तिला दाखवायला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. आमच्याकडे अशीच रीत आहे. दुखणं बाईचं असलं तरी ते सांगतात बरोबरच्या पुरुषाला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्यांचं काम निम्म्याहून कमी झालंय. गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते टिकवता येईल. दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद, मीठ कमी, ब्लडप्रेशरची गोळी रोज, दर तीन महिन्यांनी रक्त. एवढं सांभाळलं तर कित्येक लोक वर्षानुवर्षं डायलिसिसशिवाय राहतात.

त्यातला डायलिसिस हा एकच शब्द मी बाहेर घेऊन आलो. आक्काच्या दिराला ते सुरू झालं होतं आणि चार महिन्यांत तो गेला होता. त्याचं सगळं तिनंच केलं होतं. तिच्या लेखी डायलिसिस म्हणजे तिरडीचे बांबू आणायला माणूस पाठवणं.

"काय म्हन्ला रे डाक्टर?" तिनं बाकावरून विचारलं.

"काय न्हाय. मुतखडा हाय, बारीक."

"मुतखडा व्हय!" ती मोठ्यानं हसली. "आन् तू असं तोंड करून आलास? आपल्या गल्लीत मुतखडा नसलेला मानूस दाखव की मला."

खरंच होतं ते. सोलापूरच्या उन्हात मुतखडा घरटी एक, आणि त्यावरचं औषध घरटी दोन. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. कुणी हुलगे भिजत घालायला सांगितलं, कुणी जवाचं पाणी, कुणी पानफुटीची पानं आणून दिली. शेजारच्या काकू शहाळी घेऊन आल्या. ज्या माणसाचं शरीर पाणी बाहेर टाकायला थकलंय, त्याला तांब्यावर तांब्या पाजला जात होता आणि मी समोर पेपर धरून बसलो होतो.

मी मनाशी एक मार्ग काढला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या 'खड्याच्या गोळ्या' म्हणून तिला द्यायच्या. त्या ती नेमानं घ्यायची. पण गुडघ्याच्या गोळ्या सोड म्हटलं, तर तिनं विचारलं, "खड्याचा आन् गुडघ्याचा काय संबंध?" मीठ कमी कर म्हटलं, तर म्हणाली, "आळणी चटणी तू खातोस का?" दोन्ही वेळा मी विषय बदलला.

दीड महिन्यानं एका सकाळी ती अंगणातूनच ओरडत आली. "तम्मा, पडला बघ! टच्चदिशी पडला!" काय पडलं, कुणास ठाऊक. तिला पाडायचा होता, तो पडला. तिनं सिद्धेश्वराला नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. "गेलेल्या खड्याला कसल्या गोळ्या?" तीन महिन्यांनी रक्त तपासायचं म्हटलं, तर तिनं मला वेड्यात काढलं. मी रोज म्हणायचो, गोळी घे की गं. पण ती का घ्यायची, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. तेव्हा सांगितलं असतं, तरी पुष्कळ वाचलं असतं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष मी नुसतं बघत राहिलो. रिपोर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता. दुपारच्या सुट्टीत मी मोबाइलवर या आजाराबद्दल वाचायचो, त्यामुळे पुढं काय येणार ते मला आधीच ठाऊक असायचं. बायको म्हणाली, "सकाळी आक्कांचं तोंड सुजलेलं दिसतं हो." मी म्हणालो, झोप जास्त झाली असेल. मग खाज सुरू झाली, पाठ रक्ताळेपर्यंत. मग शेंगा भाजायच्या वासानं तिला मळमळायला लागलं. मग अर्धा जिना चढून ती कठड्याला धरून थांबायला लागली. मी वाचलं होतं त्याच क्रमानं एकेक येत गेलं, आणि मी दर वेळी ठरवत गेलो की या रविवारी सांगू.

एका सकाळी भाकरी थापताना तिचा हात परातीतच थांबला. श्वास लागला होता, ओठ काळे पडले होते. रिक्षातून नेलं. मानेत नळी घालून तातडीनं डायलिसिस करावं लागलं. त्याच डॉक्टरांनी आपल्याकडचा जुना कागद उलटून पाहिला.

"तुम्हाला तेव्हा सगळं सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

 कागद मिटून ठेवत ते म्हणाले, आता हे कायमचं. हृदयावर ताण आलाय, त्यामुळे किडनी बदलणं त्यांना झेपणार नाही. डायलिसिसवर काही जण खूप वर्षं काढतात, काहींचं काही महिन्यांतच बिघडतं. यांचं काय होईल, ते मी सांगू शकत नाही. पण तेव्हापासून सांभाळलं असतं तर आज त्या इथं नसत्या, असं मला वाटतं.

आक्का शुद्धीवर आली तेव्हा तिनं विचारलं, "खडा तर पडला होता की रे. मग ह्ये कशानं झालं?"

"खड्यानंच किडनी खराब केली," मी म्हणालो. दुसरं खोटं.

आता सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे चाचा असतात. पूर्वी ट्रक चालवायचे. बरीच वर्षं याच खोलीत येतात.

"आओ आपा, आज कित्ता पानी पीको आये?"

"पानी कुटलं चाचा, थुकी गिळून दिवस काडतीया!"

दोघं हसतात, मशीन फिरत राहतं. खिडकीजवळच्या खाटेवर एक मास्तर यायचे. एका गुरुवारी तिथं दुसराच माणूस निजला होता. मी चाचांकडे पाहिलं. "पूछनेका नै," ते हळूच म्हणाले. आक्काही त्या खाटेकडे बघत होती. तिनंही विचारलं नाही.

त्याच सुमारास चाचांनी तिला विचारलं, "आपा, तुमनाको पैलेसे मालूम नै था क्या?"

"मालूम व्हतं की, खडा हाय म्हनून. माज्या भावानं गोळ्या आनून दिल्या व्हत्या. रोज सांगत व्हता बिचारा. मीच बंद केल्या."

"फिर तो गल्ती तुमारीच है."

"व्हय. माजीच."

नर्सलाही ती तेच सांगायची. नवीन आलेल्या बायकांना तर स्वतःचं उदाहरण द्यायची. माझ्यासारखं करू नका गं, म्हणायची. मी पायाशी स्टुलावर बसून हे ऐकायचो. असे दोन महिने गेले.

गेल्या गुरुवारी मशीन सुरू होऊन तासभर झाला होता. ती छताकडे बघत म्हणाली, "तम्मा, तुला लई तरास दिला बघ मी. तुजं आयकलं आस्तं तर तुला ह्ये हेलपाटे न्हवते. किती दिस ऱ्हायलेत कुनास ठावं. माफ कर रे मला." मानेतली नळी काढून आता डाव्या हातात सुया घालत, म्हणून तिनं एकटा उजवा हात कपाळापर्यंत नेला.

मी उठून तो हात खाली घेतला. चाचा जागे होते, नर्स समोर उभी होती. ते सगळे ऐकत असताना मी बोललो.

"आक्का, तुजी चूक न्हाय. तुला मुतखडा कदीच न्हवता. डॉक्टरनं पैल्याच दिवशी मला सांगितलं व्हतं, किडन्या खराब झाल्यात, सांबाळा. मी तुला खोटं सांगितलं, कारन तू भ्याशील म्हनून मीच भ्यालो. तू गोळ्या सोडल्यास त्या मी खरं सांगितलं न्हाय म्हनून. तुजी वरसं मी घालवली. मागं खोटं बोललो, तू सुद्दीवर आलीस तवा परत बोललो, आन् तुला माजी चूक आपली म्हनून मिरवू दिली. मला माफ कर."