झोपाळ्यापाशी बापाला बंदी

गेल्या रविवारी सकाळी मालाडच्या बागेत माझ्या दोन वर्षांच्या लेकीवर अन्याय झाला. आम्ही बापलेक दर रविवारी तिथे झोपाळ्यावर जातो. त्या दिवशी झोपाळ्यांच्या फाटकावर नवी पाटी होती : ‘फक्त महिला व मुले’. वॉचमनने मला अडवलं.

“हिची आई कुठाय?”

“ड्युटीवर. मी बाप आहे ना!”

“बाप आहात, पण जेंट्स ना! त्या बाकावरच्या मावशींकडे द्या, त्या नेतील आत.”

त्या मावशींना मी ओळखतही नव्हतो! अनोळखी बाई चालते आणि सख्खा बाप चालत नाही? लेक बोट ओढत होती, “बाबा, झोका!” शेवटी तिला रडतच घरी आणलं.

तुमच्या बागेत अशी पाटी असेल तर उद्याच जा आणि ती काढायला लावा.